न दुखणाऱ्या पावलाचा धोका

चैत्रातली दुपार होती. आमच्या परिचयाचे एक निवृत्त शिक्षक नातीला घेऊन देवदर्शनाला गेले होते. चपला बाहेर काढून त्यांनी देवळाभोवती शांतपणे पाच प्रदक्षिणा घातल्या. नातीला मात्र तापलेल्या फरशीचे चटके बसत होते. ती सावली शोधत, उड्या मारत कशीबशी एक प्रदक्षिणा पुरी करून ओवरीत जाऊन बसली. आजोबांना चटका कसा बसत नाही, याचे तिला मोठे नवल वाटले. रात्री आजोबांच्या अंथरुणावर ओला डाग दिसला तेव्हा उलगडा झाला. दोन्ही तळव्यांना मोठे फोड आले होते आणि त्यांतला एक फुटला होता. गुरुजींना त्याची काहीच जाणीव नव्हती. त्यांना बारा वर्षांपासून मधुमेह होता. ती जखम भरून यायला चार महिने लागले.

फरशी एकच, ऊनही एकच. नातीच्या पावलांनी तिला वेळीच सावध केले, आजोबांची पावले गप्प राहिली. पावलांच्या तक्रारींचा विचार करताना हा प्रसंग ध्यानात ठेवावा. पाय दुखला की आपण वैतागतो. पण ज्या पायाला दुखायला हवे आणि तरीही दुखत नाही, त्या पायाची काळजी अधिक करावी लागते. असे का, ते पाहू.

पावलावर किती भार पडतो?

आपल्या शरीरातील २०६ हाडांपैकी ५२ हाडे, म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा, दोन पावलांत असतात. एका पावलातील २६ हाडे अस्थिबंधांनी बांधून कमानीसारखी रचलेली असतात. या कमानीमुळे पाऊल चालताना धक्का सोसते आणि पुढच्याच क्षणी ताठ होऊन शरीराला पुढे ढकलते.

पावलावरचा दाब वर्गात सहज मोजता येतो. तळपाय ओला करून आलेखाच्या कागदावर उभे राहा, ठशाची कड पेन्सिलने आखा आणि चौकोन मोजा. समजा, ठशाचे क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटर भरले आणि तुमचे वजन ६० किलो आहे. एका पायावर उभे राहिल्यास दर चौरस सेंटिमीटरवर सरासरी ६०० ग्रॅम भार येतो. चालताना टाच उचलली की सगळा भार चवडा आणि बोटांवर जातो. ते क्षेत्रफळ ३० चौरस सेंटिमीटर धरले, तर हाच आकडा दोन किलोवर जातो. एक किलोमीटर चालण्यात प्रत्येक पावलावर असा भार सहा-सातशे वेळा पडतो. पावलांच्या बहुतेक तक्रारींचे मूळ या साध्या भागाकारात सापडते.

नेहमीच्या तक्रारी

घट्टे आणि कुरूप : एकाच जागी वारंवार दाब किंवा घर्षण झाले की कातडी तेथे जाड होते. हा बचावाचा उपाय आहे. कुदळ धरणाऱ्याच्या हाताला पडणारा घट्टा याच जातीचा. दाब अगदी लहान जागेवर एकवटला, तर जाड कातडीचा खुंट आत शिरतो आणि खडा रुतावा तसे दुखते. हेच कुरूप, कोठे कोठे त्याला भोवरी म्हणतात. ब्लेडने कुरूप कापून कारण जात नाही, दाब हटवावा लागतो. म्हणून आधी चप्पल-बूट तपासावेत. पाय दिवसभरात थोडे सुजतात, तेव्हा पादत्राणे संध्याकाळी घ्यावीत म्हणजे ती पुढे आवळत नाहीत. औषधी दुकानात मिळणाऱ्या कुरूपाच्या पट्ट्यांत आम्ल असते. मधुमेही व्यक्तीने त्या लावू नयेत, कारण भोवतालची चांगली कातडीही भाजते.

भेगा : तळपायाच्या कातडीत घामाच्या ग्रंथी भरपूर असतात, पण तैलग्रंथी नसतात. त्यामुळे कोरड्या हवेत ती लवकर सुकते. सुकलेली जाड कातडी शरीराच्या भाराखाली पसरू शकत नाही आणि टाचेच्या कडेला तडकते. कोकणात भेगांना कोकमाचे तेल लावतात, त्यामागे चांगला तर्क आहे. हे तेल एरवी घट्ट असते. अंगाच्या उबेने ते मऊ होते आणि कातडीवर थर धरून आतले पाणी उडू देत नाही. म्हणून पाय कोमट पाण्यात भिजवून, वजरीने हलके घासून, टिपून लगेच तेल लावावे. कोरड्या टाचेला नुसते तेल चोळण्यापेक्षा याचा गुण अधिक येतो.

चिखल्या : भातलावणीच्या दिवसांत, किंवा शहरात ओले मोजे दिवसभर घातल्याने, बोटांच्या बेचक्यांतील कातडी पांढरी पडून सोलवटते. तेथे बुरशी वाढते. पाय धुतल्यावर बेचके कोरडे करणे हा यावरचा अर्धा उपचार आहे. खाज थांबली की लोक मलम बंद करतात आणि बुरशी पुन्हा डोके वर काढते. डॉक्टरांनी सांगितलेली मुदत पुरी करावी. सोललेल्या बेचक्यातून जंतू आत शिरतात, म्हणून चिखल्यांकडे दुर्लक्ष करू नये.

नखुरडे : नख कोपऱ्यांत खोल, गोलाकार कापल्यास वाढताना त्याची कड मांसात घुसते. पायाची नखे सरळ कापावीत, कोपरे कोरू नयेत.

टाचदुखी : दिवसभर उभे राहणाऱ्या शिक्षकांना ही ओळखीची असेल. सकाळी उठल्यावर पहिली चार पावले टाकताना टाचेत कळ येते आणि थोडे चालल्यावर ती कमी होते. टाचेपासून बोटांपर्यंत तळव्याखालून एक चिवट पट्टा जातो. त्याच्या टाचेकडील टोकावर ताण आल्याने हे दुखणे होते. या पट्ट्याचे काम पाहायचे असेल, तर उभ्या राहिलेल्या मित्राच्या पायाचा अंगठा हाताने वर उचला. पट्टा ताणला जाऊन कमान उंचावताना दिसेल. क्ष-किरण चित्रात टाचेचे हाड वाढलेले दिसले की लोक घाबरतात. पण असे वाढलेले हाड टाच न दुखणाऱ्या अनेकांनाही असते. पोटरी आणि तळवा ताणण्याचे व्यायाम, मऊ टाचेची चप्पल आणि धीर, एवढ्यावर बहुतेकांचे दुखणे काही महिन्यांत कमी होते.

सपाट पाऊल : लहान मुलांच्या तळव्यात चरबीची गादी असते, त्यामुळे त्यांचे पाऊल सपाट दिसते. शाळकरी मुलाला चवड्यावर उभे करावे. त्या वेळी कमान दिसली आणि पाय दुखत नसेल, तर काळजीचे कारण नाही.

पहारेकरी झोपतो तेव्हा

वरच्या तक्रारींपैकी ज्या दुखतात, त्यांत एक सोय असते. आपण लंगडतो, भार दुसरीकडे टाकतो, चप्पल काढून खडा शोधतो. बसल्या जागीही आपण नकळत पाय हलवत असतो. दुखऱ्या जागेला अशी विश्रांती मिळते आणि ती बरी होते.

ही गोष्ट नीट उलगडली ती कुष्ठरोगाच्या अभ्यासातून. पॉल ब्रँड हे शल्यविशारद १९१४ मध्ये तमिळनाडूतील कोल्ली डोंगरात जन्मले आणि १९४६ पासून वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात काम करू लागले. कुष्ठरोगात हातापायांची बोटे आपोआप झडतात, असा त्या काळी समज होता. ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की रोगजंतू मज्जातंतूंना इजा करतात, त्यामुळे बधिरता येते आणि पुढची बरीचशी हानी न जाणवलेल्या जखमांमुळे होते. रुग्ण गरम भांडे हाताने उचलत, पायात खिळा रुतलेला असतानाही चालत. जखमेवर भार देताना ते लंगडत नसत, म्हणून जखम भरत नसे. पायांचा दाब वाटून घेणारी सूक्ष्मछिद्री रबराची मऊ चप्पल अशा रुग्णांसाठी फार उपयोगी ठरली. आज ती मधुमेही रुग्णांनाही देतात.

पुढे ब्रँड यांनी कृत्रिम वेदना निर्माण करण्याचाही प्रयत्न केला. दाब वाढला की इशारा देणारी यंत्रणा त्यांनी रुग्णांसाठी तयार केली. आवाजाकडे रुग्ण दुर्लक्ष करीत. विजेचा हलका धक्का देऊन पाहिला, तर अडचणीच्या वेळी ते यंत्रणाच बंद ठेवीत. खऱ्या वेदनेला कळ नसते, ती आपल्याला बंद करता येत नाही. तिचे मोल यातच आहे.

मधुमेहात वाढलेल्या साखरेमुळे मज्जातंतू दुबळे होतात. कंबरेपासून पायाच्या बोटांपर्यंत जाणारे तंतू सर्वांत लांब, सुमारे एक मीटरचे. त्यांना आधी झळ पोचते, म्हणून बधिरता बोटांपासून सुरू होऊन मोज्यासारखी वर चढते. घाम आणणारे तंतूही दुबळे होतात, त्यामुळे पाय कोरडे पडतात. म्हणजे टाचेची भेग तीच, पण मधुमेही पायात तिचा अर्थ वेगळा. त्यात रक्तपुरवठा कमी झाला असेल, तर जखम भरणे आणखी कठीण होते. विडी-सिगारेटमुळे या धोक्यात भर पडते. बधिर पायाच्या माणसाला सैल चप्पल 'नीट बसत नाही' असे वाटते आणि तो आवळणारी निवडतो, असेही दिसून येते.

सहा बोटांची चाचणी

घरात मधुमेही आजी-आजोबा असतील, तर विद्यार्थ्यांनी ही साधी चाचणी त्यांच्या संमतीने करावी. त्यांना डोळे मिटून पडायला सांगा. स्पर्श जाणवला की त्यांनी 'उजवा' किंवा 'डावा' असे म्हणायचे. आपल्या तर्जनीच्या टोकाने प्रत्येक पायाचा अंगठा, मधले बोट आणि करंगळी यांच्या टोकांना एक-दोन सेकंद अगदी हलका स्पर्श करा. दाबू नका, टोचू नका, घासू नका. एका बोटाला एकदाच स्पर्श करा. सहांपैकी दोन किंवा अधिक स्पर्श कळले नाहीत, तर संवेदना कमी झाल्याचा संभव आहे आणि डॉक्टरांकडून पाय तपासून घ्यायला हवेत. सहाही स्पर्श कळले, तरी मधुमेही व्यक्तीची पायतपासणी वर्षातून एकदा व्हायलाच हवी. डॉक्टर त्यासाठी १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा वापरतात.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

परदेशांत केवळ पावलांचे उपचार करणारे पादचिकित्सक असतात. आपल्याकडे असे तज्ज्ञ थोडे आणि मुख्यतः मोठ्या शहरांत आहेत. त्यांची वाट पाहू नये. प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा नेहमीचे डॉक्टर यांच्यापासून सुरुवात करावी.

त्याच दिवशी जावे : मधुमेही किंवा बधिर पायाला कोणतीही जखम, फोड अथवा काळपट डाग दिसल्यास, ती जागा दुखत नसली तरीही, लाली वर चढत असेल, ताप किंवा दुर्गंधी येत असेल, पाय एकाएकी थंड आणि पांढरा-निळा पडला असेल, पाऊल गरम होऊन सुजले असेल, खिळा किंवा काटा खोल रुतला असेल आणि धनुर्वाताची लस घेऊन बरीच वर्षे झाली असतील.

थोड्या दिवसांत जावे : चालताना पोटरीत गोळे येऊन थांबल्यावर कमी होत असतील, टाचदुखी किंवा चिखल्या घरगुती काळजीने काही आठवड्यांत बऱ्या होत नसतील, मूल एकाच पायाने लंगडत असेल, अंगावर फिकट किंवा लालसर बधिर चट्टा दिसला असेल. भारतात आजही दरवर्षी एक लाखाच्या आसपास नवे कुष्ठरुग्ण आढळतात. बहुविध औषधोपचाराने हा रोग पूर्ण बरा होतो, औषधे सरकारी केंद्रांत मोफत मिळतात, आणि बधिरता वाढण्याआधी उपचार झाले तर पाय शाबूत राहतो.

बाकी रोजची निगा फारशी अवघड नाही. मधुमेही व्यक्तीने रात्री पाय धुऊन, बेचके टिपून तळवे पाहावेत. वाकता येत नसेल, तर आरसा जमिनीवर ठेवावा. पाणी किती गरम आहे ते पायाने न पाहता दुसऱ्या कोणाला तरी पाहायला सांगावे. चप्पल घालण्याआधी आत हात फिरवावा. घरातही अनवाणी फिरू नये.

आमच्या गुरुजींचे तळवे आता रोज रात्री त्यांची नात पाहते. तिला त्यात विशेष काही वाटत नाही. आजोबांच्या पायांना सांगता येत नाही, ते ती पाहून सांगते, एवढेच.