पदाच्या प्रतिष्ठेस बाधक

हौशी धावपटूंच्या एका मंडळाने गेल्या महिन्यात आपल्या वर्धापनदिनानिमित्त जुन्या पिढीतील धावणाऱ्यांचा सत्कार योजला आणि इच्छुकांनी आपापल्या शर्यतींचे पुरावे पाठवावेत असे जाहीर केले, तेव्हा सत्काराची विशेष हौस नसतानाही, कपाटाच्या वरच्या कप्प्यात वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या कागदांना एकदा हवा लागावी एवढ्याच हेतूने मी १९८८ सालचे एक प्रमाणपत्र त्यांच्याकडे रवाना केले. चार दिवसांत उत्तर आले की, प्रमाणपत्रावरील वेळ हाताने लिहिलेली असून तिची पडताळणी करता येत नाही, सबब अर्ज विचारात घेता येणार नाही. प्रमाणपत्रावर पंचांची सही होती, गोल शिक्का होता, शिक्क्याची शाई अजून जांभळी होती. ज्या इसमाची उभी हयात महसूल खात्यात गेली आणि ज्याच्या सहीने हजारो लोकांच्या नकला अस्सलाबरहुकूम ठरल्या, त्याचा स्वतःचा अस्सल कागद असा नामंजूर व्हावा यातला विनोद मला कळतो. तो पचनी पडायला मात्र वेळ लागतो आहे.

हाच निकष लावायचा तर बेळगावच्या फडेप्पा चौगुले यांचे काय करावे, हे त्या मंडळाने सांगावे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर अनवाणी धावणारी आपल्याकडची शेतकऱ्यांची पोरे पाहून दोराबजी टाटांच्या मनात ऑलिंपिकची कल्पना रुजली, आणि १९२० साली अँटवर्पला मॅरेथॉन धावून चौगुले एकोणिसावे आले, ते सुमारे दोन तास एक्कावन्न मिनिटांत. १९७६ साली माँट्रियलला अनवाणी धावून अकराव्या क्रमांकावर आलेले आणि १९७८ साली जालंधरला दोन तास बारा मिनिटांचा उच्चांक करणारे शिवनाथ सिंग तर आमच्या पिढीचे दैवतच होते. पुढे कितीतरी दशके त्या उच्चांकाला या देशात कोणाचा हात लागला नाही. या दोघांच्याही बुटाला वेळ नोंदणारी चिप नव्हती, आणि शिवनाथ सिंगांच्या पायात तर मुदलात बूटच नव्हते. असो.

सुरुवातीच्या वर्षांबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही. साताऱ्यात कारकून म्हणून लागलो, बारनिशीच्या टेबलावर टपाल नोंदता नोंदता पाठीला बाक येऊ लागला, आणि १९८३ साली पुण्याला आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन सुरू झाल्याचे वर्तमानपत्रात वाचून, इतर शेकडो बैठ्या नोकरदारांप्रमाणे मीही कॅनव्हासचे बूट विकत घेतले. समर्थ मंदिरापासून यवतेश्वरचा घाट चढून जावे, वर धुक्यात थोडे थांबावे आणि उतरावे, एवढेच त्या काळातले शिक्षण. घाटात त्या वेळी पहाटे दुधाच्या किटल्या घेऊन उतरणारे गवळी सोडले तर कोणी भेटत नसे, आणि मला पाहून तेही कडेला होत, बहुधा काळजीपोटी.

खरे धावणे सुरू झाले ते बढती होऊन नायब तहसीलदार म्हणून माण तालुक्यात दहिवडीला बदली झाल्यावर, आणि तेही १९८६-८७ च्या टंचाईत. माणदेशाचा दुष्काळ ज्याने पाहिला नाही त्याला नुसते वर्णन करून तो कळायचा नाही. पण रोजगार हमीच्या कामांवर जमलेल्या त्या गर्दीची, खडी फोडणाऱ्या बायांच्या बोटांना बांधलेल्या सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांची, आणि टँकर येण्याच्या वाटेकडे लागलेल्या हंड्यांच्या रांगेची आठवण आजही माझ्या सगळ्या शर्यतींच्या आठवणींच्या आधी उभी राहते. दिवसभर कामांची तपासणी, रात्री जिल्ह्याला पाठवायची पत्रके, मधूनच एखाद्या पुढाऱ्याचा दौरा, आणि या सगळ्यातून उरलेला एकच तास, पहाटे साडेचार ते साडेपाचचा, जो कोणत्याही नोंदवहीत दाखल नव्हता व ज्यावर कोणाचीही सही लागत नव्हती. तो मी घेतला. मोहीकडे, शिंगणापूरकडे जाणाऱ्या मुरमाच्या कच्च्या रस्त्यांवरून मी धावू लागलो. ज्या गावात तीन दिवसांआड पाणी येते तिथे एक अधिकारी निष्कारण घाम गाळतो, हे लोकांच्या नजरेला खुपणार याची जाणीव ठेवून वाटेत कोणाकडे पाणी मागायचे नाही आणि आंघोळ तांब्याभर पाण्यात उरकायची, असा दंडक मी स्वतःला घालून घेतला होता. पहिल्या आठवड्यात एका म्हातारीने हाक मारून विचारले होते, "सायेब, कुणी पाठी लागलंय का?" नाही म्हटल्यावर ती म्हणाली, "मग बसा की जरा."

पुढे या धावण्याचा सरकारी उपयोगही ध्यानात आला. कामावरच्या हजेरीपटात, म्हणजे सगळे ज्याला मस्टर म्हणत त्यात, गावातली मेलेली माणसेही खडी फोडताना आढळत, हे उघड गुपित होते. परंतु तपासणीची जीप निघाली की तिचा धुरळा दोन कोसांवरून दिसे, आणि ती पोहोचेपर्यंत मुकादमाने शेजारच्या वस्तीवरून माणसे आणून डोकी पुरी केलेली असत. पायी येणाऱ्या माणसाचा धुरळा उडत नाही. एका पाझर तलावाच्या कामावर मी दिवस उगवता उगवता चड्डी-बनियनवर जाऊन थडकलो, मुकादमाच्या पिशवीतले मस्टर काढायला लावले, तर त्या दिवशीची हजेरी कामाला सुरुवात होण्यापूर्वीच भरून तयार, आणि काही नावांपुढे उठवलेले अंगठे सगळे एकाच अंगठ्याचे. मी तिथेच मातीच्या ढिगावर बसून पंचनामा लिहिला. कागदावर घामाचे थेंब पडले म्हणून पुढे चौकशीत त्या पंचनाम्याच्या अस्सलपणाबद्दल वकिलाने शंका घेतली, तो भाग निराळा.

याचे बक्षीस मला वर्षअखेरीस मिळाले. तेव्हाच्या माझ्या वरिष्ठांनी, ज्यांचे नाव घेण्याचे कारण नाही, माझ्या गोपनीय अहवालात असा शेरा मारला की, सदर अधिकारी अर्ध्या चड्डीत सार्वजनिक रस्त्यावरून धावतात व हे वर्तन पदाच्या प्रतिष्ठेस बाधक आहे. प्रतिकूल शेरा संबंधितास कळवण्याचा नियम असल्याने तो मला रीतसर कळवण्यात आला. मीही रीतसर खुलासा केला, त्यात मस्टरचे दाखले जोडले, आणि प्रतिष्ठा चड्डीच्या लांबीवर मोजावी की पकडलेल्या खोट्या नावांवर, असा नम्र प्रश्न विचारला. प्रकरण नस्तीबंद झाले, म्हणजे शेराही राहिला आणि खुलासाही राहिला. हे गृहस्थ निवृत्तीनंतर मधुमेहापायी रोज सकाळी बागेत चालू लागले. एकदा समोरासमोर आले तेव्हा अर्ध्या चड्डीतच होते, आणि गुडघ्यांना सोसतील असे बूट कोणते घ्यावेत हे त्यांनी मला आपुलकीने विचारले. मी त्यांना चांगले बूट सुचवले, आणि महागही.

त्याच मोही गावातली, मी तिथून धावत होतो तेव्हा जन्मलीही नव्हती अशी, ललिता बाबर पुढे मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत लागोपाठ पहिली आली, आणि २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोहोचली. १९८४ च्या पी. टी. उषेनंतर ऑलिंपिकमध्ये धावण्याच्या शर्यतीची अंतिम फेरी गाठणारी ती पहिलीच भारतीय स्त्री. ती बातमी वाचताना मला त्या मुरमाच्या रस्त्यांचा अकारण अभिमान वाटला.

१९८९ ते १९९१ ही तीन वर्षे मात्र माझ्या पायांनी सरकारजमा केली. १९८९ च्या नोव्हेंबरात लोकसभा, १९९० च्या फेब्रुवारीत विधानसभा, १९९१ च्या फेब्रुवारीत जनगणना आणि त्याच उन्हाळ्यात पुन्हा लोकसभा. मतपेट्या, मतदारयाद्या, केंद्राध्यक्षांची प्रशिक्षणे, कचेरीच्या बाकावर काढलेल्या रात्री. बाहेरचा माणूस समजतो की जास्त धावल्याने पाय दुखावतो. माझ्या अनुभवाने पाय दुखावतो तो खंड पडल्याने, आणि तो खंड पाडते नोकरी. महिना-दीड महिना खुर्चीत बसून पोटऱ्या आखडतात; पुन्हा धावू लागले की हृदय आणि फुप्फुसे थोड्याच आठवड्यांत पूर्वपदावर येतात आणि माणसाला वाटते की सगळा देह तयार झाला; पण शिरा आणि हाडे ही अत्यंत सावकाश चालणारी खाती आहेत, त्यांच्याकडून मंजुरी यायला महिने लागतात. त्यामुळे दर निवडणुकीमागून एक दुखणे ठरलेले. सर्वांत चिवट होते ते टाचेमागच्या जाड शिरेचे: सकाळी अंथरुणातून उठून मोरीपर्यंत जायचे तर भिंत धरावी लागे, आणि शीर चिमटीत धरून पाऊल वरखाली केले की आत वाळू सरकल्यासारखी करकर बोटांना जाणवे.

ज्या डॉक्टरांकडे गेलो त्यांनी प्रथम विश्रांती, मग गोळ्या, मग प्लास्टर आणि शेवटी, माझ्या वयाकडे व हुद्द्याकडे पाहून, धावणे कायमचे सोडण्याचा सल्ला दिला. तो मानला असता, परंतु कचेरीतल्या शिपायाने मला पेठेतल्या एका तालमीत नेले. तिथले वस्ताद सत्तरीचे, पान खाऊन लाल झालेल्या ओठांचे, अत्यंत अल्पभाषी. त्यांनी शीर दाबून पाहिली आणि विश्रांती हा शब्द ऐकताच तुच्छतेने मान हलवली. तालमीच्या दगडी पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभे करून, दुखऱ्या पायावर सगळा भार टाकून टाच पायरीच्या खाली सावकाश सोडायची, चांगल्या पायाने वर यायचे, पुन्हा सोडायची; दुखले तरी थांबायचे नाही, हा त्यांचा इलाज. सकाळ-संध्याकाळ मी तो केला, आणि त्यानंतर हौदातल्या तांबड्या मातीत अनवाणी चाललो. तीन महिन्यांत शीर निवळली. १९९८ साली स्वीडनच्या अल्फ्रेडसन नामक शल्यविशारदाने जवळजवळ हाच व्यायाम, बारा आठवड्यांच्या मुदतीसह, शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केला आणि जगभर त्याचे नाव झाले. वस्तादांना हे सांगायचे राहिले. ते आधीच गेले होते.

१९९३ साली शरीर पुन्हा चांगल्या स्थितीत होते, आणि त्या हिवाळ्यात माझी आजवरची उत्तम शर्यत होणार अशी मला खात्री होती. ३० सप्टेंबरच्या पहाटे, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनाला रात्रही उलटली नव्हती, तोच किल्लारीचा भूकंप झाला. माझी नेमणूक पंचनाम्यांवर झाली. दगडमातीच्या जाड भिंती घरच्या घरी माणसांवर कोसळलेल्या. कोणाचे घर कोणते हे दाखवायलाही कित्येक ठिकाणी कोणी उरलेले नव्हते, आणि सरकारला मात्र प्रत्येक घराच्या चतुःसीमा हव्या होत्या. त्या महिन्यांत मी धावलो नाही, आणि न धावल्याचे मला काही वाटले नाही, एवढेच त्याबद्दल लिहिता येते.

त्यानंतरची वीस वर्षे मी झरझर ओलांडतो. बढत्या, मंत्रालयाच्या पायऱ्या, लोकलची गर्दी, चाळशी. २००४ साली मुंबईची मोठी मॅरेथॉन सुरू झाली, तिच्यात धावलो. पेडर रोडच्या चढावर यवतेश्वरची आठवण काढत पुढे गेलो. पण तोवर माझे जे काही व्हायचे ते होऊन गेले होते. निवृत्त होऊन साताऱ्याला परतलो. २०१२ पासून त्याच यवतेश्वरच्या घाटात हिल मॅरेथॉन होऊ लागली आहे, आणि जिथे गवळी माझ्यासाठी कडेला होत तिथे आता त्या दिवशी सारे शहर रस्त्याच्या दुतर्फा उभे असते. याचा आनंद होतो हे नमूद करून मग माझी तक्रार दाखल करतो.

माझी तक्रार गर्दीबद्दल नाही, महागड्या बुटांबद्दल नाही, प्रवेशशुल्काबद्दल थोडी आहे. खरी तक्रार अशी की, ज्या कचेरीतून निसटण्यासाठी आम्ही पहाटेचा तास चोरत होतो, ती कचेरीच आता शर्यतीच्या रस्त्यावर येऊन बसली आहे. शेजारचा एक तरुण संगणक कंपनीत आहे. रात्री अकरापर्यंत अमेरिकेशी बैठका, पहाटे पाचला रस्त्यावर. त्याच्या जिद्दीबद्दल मला आदर आहे, त्याची झोप माझ्या निवडणुकांतल्या झोपेपेक्षाही कमी आहे. पण त्याच्या छातीवर कंपनीचे नाव छापलेले असते, त्याने महिन्याभरात किती किलोमीटर काटले याचा तक्ता त्याच्या व्यवस्थापकाला दिसतो, आणि गेल्या पावसाळ्यात तो मागे पडला तेव्हा हसत हसत का होईना त्याला त्याबद्दल विचारण्यात आले. मला धावल्याबद्दल शेरा मिळाला होता. याला न धावल्याबद्दल मिळतो. मनगटावरचे घड्याळ त्याचे ठोके, पावले, झोप, सारे टिपते. पूर्वी एका मामलेदाराखाली दहा कारकून मिळून जेवढ्या नोंदी ठेवत, तेवढ्या तो एकटा, स्वखुशीने आणि स्वखर्चाने, स्वतःविरुद्ध ठेवतो. साहेबाला कळणार नाही असा एक तासही या पोराकडे उरलेला नाही, आणि त्याला त्याचे दुःखही नाही, हेच मला चमत्कारिक वाटते.

दिवाळीनंतर त्याचीही टाचेमागची शीर धरली. कामाचा आणि तक्त्याचा दोन्हींचा भार एकाच पायावर पडल्यावर दुसरे काय होणार? त्याला घेऊन मी तालमीत गेलो. तालीम जागेवर आहे, नावाची पाटीही आहे. हौद बुजवून वर फरशी केली आहे, तिच्यावर यंत्रे मांडली आहेत आणि पुढच्या बाजूला दोन गाळे काढले आहेत. दगडी पायरी रस्त्याच्या रुंदीकरणात गेली. मग तो माझ्याच जिन्यावर येऊ लागला. सकाळी सव्वासहाला येतो, कारण साडेसातला त्याची पहिली बैठक असते. कठडा धरून टाच खाली सोडतो, दुखले की दात खातो, आणि मी खालच्या पायरीवर चहा घेत बसून "सावकाश" एवढेच म्हणतो. पहिल्या दिवशी व्यायाम संपल्यावर त्याने सवयीने घड्याळ पाहिले. घड्याळात त्या अर्ध्या तासापुढे विश्रांती अशी नोंद पडली होती. तो जरा खट्टू झाला. मी त्याला घड्याळ काढून ठेवायला सांगितले. दोन दिवस त्याने ऐकले.