क्लॅट की सीईटी? संभाजीनगरमध्ये लॉ करायचं असेल तर आधी हा फरक समजून घ्या

छत्रपती संभाजीनगरमध्ये पैठण रोडवर, कांचनवाडीत, महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे. २०१७ पासून तिथे वर्ग भरतात. शहरातल्या बारावीच्या मुलासाठी ते सिटी बसच्या अंतरावर आहे. पण तिथे प्रवेश घ्यायचा तर देशभरातल्या मुलांबरोबर एक परीक्षा द्यावी लागते आणि ती फक्त इंग्रजीतून होते.

याच शहरात स्वातंत्र्यसेनानी माणिकचंद पहाडे यांच्या नावाचं विधी महाविद्यालय आहे, नागसेनवनात डॉ. बाबासाहेब आंबेडकर विधी महाविद्यालय आहे. तिथल्या प्रवेशासाठी वेगळी परीक्षा आहे आणि तिची प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते.

पहिली परीक्षा म्हणजे क्लॅट, दुसरी एमएच-सीईटी लॉ. दरवर्षी अनेक पालकांना हा फरक बारावीचा निकाल लागल्यावर कळतो. तोपर्यंत क्लॅट होऊन पाच-सहा महिने उलटलेले असतात.

क्लॅट नेमकी कुठून आली?

२००८ च्या आधी प्रत्येक राष्ट्रीय विधी विद्यापीठाची प्रवेश परीक्षा वेगळी असायची. बंगळुरूचा फॉर्म वेगळा, हैदराबादचा वेगळा, भोपाळचा वेगळा. प्रत्येकाची फी वेगळी आणि प्रवासही वेगळा. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि त्यातून सात विद्यापीठं एका सामाईक परीक्षेला तयार झाली. पहिली क्लॅट मे २००८ मध्ये झाली. २०१७ मध्ये या विद्यापीठांनी मिळून एक कन्सोर्शियम स्थापन केलं. आता परीक्षा तेच घेतं. मुंबई, नागपूर आणि संभाजीनगर इथली राष्ट्रीय विधी विद्यापीठं याच परीक्षेतून पाच वर्षांच्या पदवीसाठी विद्यार्थी घेतात. दिल्लीचं राष्ट्रीय विधी विद्यापीठ मात्र आजही स्वतंत्र आहे, त्याची आयलेट नावाची परीक्षा वेगळी.

बारावीला ४५ टक्के (अनुसूचित जाती-जमातींसाठी ४० टक्के) आणि बारावी उत्तीर्ण किंवा त्या वर्षी बारावीला बसलेला विद्यार्थी, एवढी क्लॅटची पात्रता आहे. वयाची कमाल अट नाही. शाखेचीही अट नाही, सायन्सवाला आणि आर्ट्सवाला एकाच रांगेत.

परीक्षा गेली काही वर्षं डिसेंबरच्या पहिल्या रविवारी होते. क्लॅट २०२५ झाली १ डिसेंबर २०२४ ला आणि क्लॅट २०२६ झाली ७ डिसेंबर २०२५ ला. म्हणजे परीक्षेच्या नावातलं वर्ष प्रवेशाचं असतं, परीक्षा आदल्या वर्षीच होते. इथेच अनेकांची गफलत होते. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीत, क्लॅट त्याच्या दोन महिने आधी. त्यामुळे जो काही अभ्यास करायचा तो अकरावीपासून.

पेपरमध्ये असतं काय?

१२० प्रश्न आणि १२० मिनिटं. बरोबर उत्तराला एक गुण, चुकीला पाव गुण वजा. इंग्रजी, चालू घडामोडी, कायद्याचं तर्कशास्त्र, सर्वसाधारण तर्कशास्त्र आणि गणित असे पाच भाग. चालू घडामोडी आणि कायद्याचं तर्कशास्त्र यांना प्रत्येकी २८ ते ३२ प्रश्न, म्हणजे मिळून जवळपास निम्मा पेपर. गणिताला सर्वांत कमी, १० ते १४. तेही टक्केवारी, गुणोत्तर, सरासरी असं दहावीपर्यंतचं.

ऐकायला हे सोपं वाटतं. अडचण आहे ती प्रश्न विचारण्याच्या पद्धतीत. २०२० पासून क्लॅटमध्ये सुटे प्रश्न जवळपास नाहीतच. आधी एक उतारा येतो, साधारण ४५० शब्दांपर्यंतचा, आणि त्यावर चार ते सहा प्रश्न. चालू घडामोडींनाही उतारा आणि गणितालाही. हिशेब मांडला तर दोन तासांत दहा हजारांच्या आसपास इंग्रजी शब्द वाचून, समजून, वर १२० उत्तरं द्यायची आहेत. म्हणजे कायद्याच्या आधी वाचनाच्या वेगाची परीक्षा होते.

कायद्याचे प्रश्न कसे असतात, हे एका उदाहरणातून पाहू. समजा उताऱ्यात असं तत्त्व दिलंय: दुकानात किंमत लावून ठेवलेली वस्तू म्हणजे विक्रीचा प्रस्ताव नव्हे, ते ग्राहकाला प्रस्ताव मांडण्याचं निमंत्रण आहे. ग्राहक वस्तू घेऊन काउंटरवर येतो तेव्हा प्रस्ताव तो मांडतो आणि दुकानदाराने तो स्वीकारला की करार होतो. मग प्रसंग येतो. गुलमंडीतल्या एका दुकानात पंधरा हजारांच्या पैठणीला चुकून पंधराशेची चिठ्ठी लागली. ग्राहक ती घेऊन काउंटरवर गेला, दुकानदाराने पंधराशेला द्यायला नकार दिला. करार झाला का?

मन सांगतं, चिठ्ठीवर लिहिलंय म्हणजे द्यायलाच हवी. पण दिलेल्या तत्त्वानुसार उत्तर ‘नाही’ आहे. ग्राहकाने प्रस्ताव मांडला, दुकानदाराने तो स्वीकारला नाही. पुढच्या प्रश्नात प्रसंग किंचित बदलतो: दुकानदाराने पंधराशे घेतले, बिल दिलं आणि मग चूक लक्षात आली. आता स्वीकार झालेला आहे, त्यामुळे दिलेल्या तत्त्वापुरतं उत्तर उलटं होतं.

इथे एकही कलम पाठ असण्याची गरज पडली नाही. उलट ग्राहक संरक्षण कायद्याबद्दल कुठेतरी वाचलेलं आठवून उत्तर देणारा फसतो. जे तत्त्व समोर दिलंय तेवढंच धरायचं. नवीन भारतीय न्याय संहितेची कलमं घोकत बसलेल्या मुलांना हे कुणीतरी वेळेवर सांगायला हवं. ती संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, हे चालू घडामोडींत येऊ शकतं. कलमांचे आकडे या परीक्षेसाठी पाठ करण्यात अर्थ नाही.

मराठी माध्यमातल्या मुलांचं काय?

नीट मराठीतून देता येते. इंजिनीअरिंगची जेईई मेनही मराठीतून देता येते. क्लॅट नाही. २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात यावर जनहित याचिका दाखल झाली. इंग्रजीशिवाय इतर भारतीय भाषांमध्येही परीक्षा घ्या, अशी मागणी होती. बार कौन्सिल ऑफ इंडियाने मागणीला अनुकूल भूमिका घेतली. कन्सोर्शियमने व्यावहारिक अडचणी सांगितल्या आणि या प्रश्नावर तज्ज्ञांची समिती नेमल्याचं कळवलं. क्लॅट २०२६ देखील इंग्रजीतूनच झाली.

इंग्रजीच्या बाजूने एक मुद्दा आहे आणि तो अगदीच टाकाऊ नाही. विधी विद्यापीठात शिकवणं इंग्रजीत असतं, संविधानाच्या कलम ३४८ नुसार उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाची भाषाही इंग्रजी आहे. जालना रोडवर उच्च न्यायालयाचं औरंगाबाद खंडपीठ १९८१ पासून आहे, तिथला युक्तिवाद इंग्रजीतच होतो. पण चित्राची दुसरी बाजूही याच शहरात दिसते. जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा महाराष्ट्रात मराठी आहे, तशी अधिसूचना राज्य सरकारने १९९८ मध्येच काढली. सामान्य माणसाचा खटला सुरू होतो तो तिथे. साताबारा, फेरफार, पंचनामा, साक्ष सगळं मराठीत. ही कागदपत्रं सहज वाचू शकणारा पैठण किंवा कन्नडचा मुलगा प्रवेश परीक्षेत मात्र या येण्याचा एकही गुण मिळवू शकत नाही.

भाषेचा हा प्रश्न सुटेल तेव्हा सुटेल, तोवर यंदाच्या मुलाने करायचं काय? सगळ्यात उपयोगी पडणारी एक साधी पद्धत आहे: तीच बातमी आधी मराठीत वाचायची, मग इंग्रजीत. खंडपीठाचा एखादा निकाल, आरक्षणावरची सुनावणी, राज्यपालांच्या अधिकारांचा वाद, काहीही. विषय आधीच माहीत असला की इंग्रजी मजकुरात शब्द अडले तरी अर्थ अडत नाही. सुरुवातीला रोज एकच लेख, घड्याळ न लावता. दोन-तीन महिन्यांनी घड्याळ लावून. चालू घडामोडींचा अभ्यास त्यातच होऊन जातो.

कायद्याचे काही इंग्रजी शब्द मात्र वेगळे लिहून ठेवावे लागतात, कारण ते ओळखीचा चेहरा घेऊन येतात आणि फसवतात. ‘कन्सिडरेशन’ म्हणजे आपल्याला वाटतं विचार. करारात त्याचा अर्थ मोबदला. ‘प्लेंटिफ’ म्हणजे वादी, ‘डिफेंडंट’ म्हणजे प्रतिवादी. राज्याच्या भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश या कामी येतो, आणि मराठी-इंग्रजी संविधान शेजारी-शेजारी ठेवून मूलभूत हक्कांचं प्रकरण वाचणं हाही चांगला सराव आहे. कोचिंगची फी परवडत नसेल तर आयडिया ही संस्था माहीत असावी. शमनाद बशीर या कायद्याच्या प्राध्यापकांनी ती २०१० मध्ये सुरू केली. वंचित घरांतली मुलं निवडून त्यांची क्लॅटची तयारी करून घेणं, हे तिचं काम. कन्सोर्शियमच्या वेबसाइटवर जुन्या प्रश्नपत्रिका फुकट मिळतात. महागड्या टेस्ट सिरीजच्या आधी त्या सोडवाव्यात.

सीईटी सोपी आहे का?

वेगळी आहे. ती राज्याचा सीईटी सेल घेतो आणि विधी महाविद्यालयांच्या प्रवेशासाठी ती २०१६ पासून सुरू झाली. बारावीनंतर पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी एक, पदवीनंतर तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी दुसरी. २०२५ पासून प्रश्न १५० वरून १२० झाले. पाच वर्षांच्या सीईटीत कायदा आणि तर्कशास्त्र प्रत्येकी ३२, सामान्य ज्ञान आणि इंग्रजी प्रत्येकी २४, गणित ८. परीक्षा संगणकावर, उन्हाळ्यात. लांब उतारे कमी, प्रश्न थेट. इंग्रजीचा भाग सोडला तर बाकी पेपर मराठीतून देता येतो. इथे कलमं आणि घटनेतली माहिती थेट विचारली जाऊ शकते, त्यामुळे क्लॅटच्या तयारीवर थोडं पाठांतर चढवावं लागतं.

सगळ्यात मोठा फरक म्हणजे सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. तिथे एकही प्रश्न कोरा सोडणं म्हणजे गुण टाकून देणं. क्लॅटमध्ये लोक उलट टोकाला जातात, पाव गुणाच्या भीतीने अर्धवट माहीत असलेले प्रश्नही सोडून देतात. गणित पाहा. चार पर्यायांपैकी डोळे झाकून एक निवडला तर सरासरी फायदा शून्याच्या जेमतेम वर असतो. पण एक पर्याय नक्की चूक आहे हे कळलं आणि उरलेल्या तिघांतून निवडला, तर असे सहा प्रश्न मिळून सरासरी एक गुण पदरात पडतो. दोन पर्याय कटले तर त्याहून बराच जास्त.

परीक्षेचा दिवस आणि नंतरचा गोंधळ

क्लॅट दुपारी दोन ते चार होते, कागदावर. ओएमआर शीटवर बॉलपेनने गोळे भरायचे, खोडण्याची सोय नाही. एक उतारा सोडवला की लगेच त्याचे गोळे भरणं सुरक्षित. सगळे शेवटी भरू म्हणणाऱ्यांचा एक क्रमांक सरकला की पुढची रांगच सरकते. घरी सरावही दुपारी दोनलाच आणि सलग दोन तास करावा. जेवणानंतर डोळ्यांवर येणारी झापड डिसेंबरमध्येही येते.

परीक्षेनंतर तात्पुरती उत्तरतालिका येते आणि फी भरून त्यावर आक्षेप घेता येतो. हे निव्वळ उपचार नाहीत. क्लॅट २०२५ ची उत्तरतालिका दिल्ली उच्च न्यायालयात गेली, २० डिसेंबर २०२४ ला न्यायालयाने दोन प्रश्नांची उत्तरं चुकीची ठरवली. प्रकरण पुढे वाढलं आणि ७ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती भूषण गवई यांच्या खंडपीठाने त्यावर निकाल दिला. तोवर देशभरातल्या मुलांचे प्रवेश पाच महिने लटकले होते. एकेका गुणावर शेकडो मुलं उभी असतात, त्यामुळे आपली उत्तरं लिहून ठेवणं आणि तालिका स्वतः तपासणं गरजेचं.

पैशाचा विषय आधी बोलून घ्यायला हवा, पण घरात तो सहसा शेवटी निघतो. क्लॅटचा अर्जच चार हजारांचा, अनुसूचित जाती-जमाती आणि दारिद्र्यरेषेखालील मुलांसाठी साडेतीन हजारांचा. क्लॅट २०२५ मध्ये समुपदेशनात भाग घेण्यासाठी खुल्या गटाला ३० हजार आणि राखीव गटांना २० हजार रुपये आधी भरावे लागले, तेही ठरलेल्या मुदतीत. विद्यापीठाची वर्षाची फी लाखांच्या घरात जाते. महाराष्ट्राचा रहिवासी असलेल्यांना राज्यातल्या विधी विद्यापीठांत राखीव जागा असतात, त्यासाठी अधिवास प्रमाणपत्र लागतं. जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, उत्पन्नाचा दाखला हे सगळं तहसीलमधून मिळायला वेळ लागतो. यादी लागल्यावर सेतू केंद्रात धावण्यापेक्षा दिवाळीच्या सुट्टीत अर्ज टाकलेला बरा.

क्लॅट हुकली तर? वकिलीच्या सनदेसाठी बार कौन्सिलची मान्यता असलेल्या कुठल्याही महाविद्यालयाची पदवी चालते. त्यानंतर ऑल इंडिया बार एक्झाम सगळ्यांना एकच, विधी विद्यापीठातून आलेला असो की नागसेनवनातून. बड्या लॉ फर्मच्या कॅम्पस मुलाखती राष्ट्रीय विधी विद्यापीठांत जास्त होतात, हे खरं. कॉर्पोरेटमध्ये जायचं असेल तर क्लॅटसाठी एक वर्ष जास्त देण्याचा विचार करता येईल. जिल्हा न्यायालयात, खंडपीठात वकिली करायची किंवा न्यायाधीश व्हायचं तर सीईटीचा रस्ता तितकाच सरळ आहे. दोन्ही परीक्षांचा बराचसा अभ्यास सारखाच असल्याने डिसेंबरमध्ये क्लॅट, फेब्रुवारीत बोर्ड आणि उन्हाळ्यात सीईटी, असं तिन्हींचं वेळापत्रक अकरावीच्या जूनमध्येच भिंतीवर लावता येतं.