फौजींच्या नावावर खपणाऱ्या गोष्टी

बुलडाणा तालुक्यातलं पिंपळगाव सराई एरवी सैलानी बाबांच्या दर्ग्यालगतचं गाव म्हणून माहीत. ऑक्टोबर 2023 मध्ये त्याचं नाव वेगळ्याच कारणानं देशभर गेलं. गावचे अक्षय गवते यांना सियाचीनच्या तैनातीत मृत्यू आला. मोहिमेच्या ठिकाणी प्राण गमावलेले ते पहिले अग्निवीर, म्हणजे चार वर्षांसाठी भरती झालेले सैनिक. अंत्यसंस्कार व्हायच्या आधीच त्यांच्या नावावर राजकीय वाद सुरू झाला. राहुल गांधींनी लिहिलं की अग्निवीराला ग्रॅच्युइटी नाही आणि त्याच्या माघारी कुटुंबाला पेन्शनही नाही. भाजपनं ते साफ खोटं ठरवलं. मग लष्करानं अटी जाहीर केल्या: 48 लाखांचा विमा, 44 लाख सानुग्रह मदत, सेवा निधीतली जमा रक्कम, उरलेल्या कार्यकाळाचा पगार आणि युद्धातील हताहतांसाठीच्या निधीतून 8 लाख.

मोबाइलवर या वादाचे दोनच तुकडे उरले. एका गटात ‘घरच्यांना काहीच मिळत नाही’, दुसऱ्यात ‘सगळं मिळतं, नेहमीच्या जवानाइतकंच’. दोन्ही चूक. जुलै 2024 मध्ये लोकसभेत हाच विषय पुन्हा तापला, तेव्हा अक्षय यांच्या वडिलांनी पत्रकारांना विम्याचे 48 लाख, केंद्राचे 50 लाख आणि राज्याचे 10 लाख मिळाल्याचं सांगितलं. म्हणजे ‘काहीच नाही’ हे खोटं. पण नियमित जवानाच्या वारसाला मिळणारं कुटुंब निवृत्तिवेतन अग्निवीराच्या वारसाला नाही, हेही खरं. ते लष्कराच्या यादीतही नव्हतं.

कटाच्या गोष्टी अशाच अर्ध्या सत्यावर उभ्या राहतात. ‘ते आपल्यापासून लपवतायत’ एवढी एक ओळ जोडली की झालं. आणि त्या ओळीखाली एखाद्या फौजीचं नाव असलं, तर गावात शंका घेणारा उरत नाही. आपल्याकडे शिपाई म्हणून निवृत्त झालेल्यालाही लोक आदरानं ‘मेजर’ म्हणतात. मग मेसेजखाली ‘मेजर जनरल (निवृत्त)’ असं छापलेलं असताना कोण विचारणार?

गैरसमज: फौजीनं सांगितलं म्हणजे आतली बातमी

सैन्यात माहिती कामापुरती दिली जाते. ज्याला जेवढं लागतं, तेवढंच. लेहमध्ये गाड्यांचा ताफा सांभाळणाऱ्या हवालदाराला त्या रस्त्याची, थंडीची, डिझेल गोठण्याची जी जाण असते ती दिल्लीतल्या कुठल्याही तज्ज्ञाला नसते. पण त्याच काळात मंत्रिमंडळात काय ठरलं, हे त्याला आपल्याइतकंच वर्तमानपत्रातून कळतं. निवृत्तीनंतर तर तेवढाही संबंध राहत नाही. शिवाय ज्याच्याकडे खरंच गुपित आहे, त्याला 1923 चा शासकीय गुपिते कायदा निवृत्तीनंतरही लागू असतो. तो ते तीनशे जणांच्या ग्रुपवर टाकत बसणार नाही.

मे 2025 मध्ये ‘ऑपरेशन सिंदूर’च्या दिवसांत हे धडधडीत दिसलं. कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याची बातमी काही वाहिन्यांनी रात्रभर चालवली. तसं काही झालेलंच नव्हतं. व्हिडिओ गेममधली दृश्यं खऱ्या लढाईची म्हणून फिरत होती. चर्चेच्या चौकटीत निवृत्त अधिकारी बसलेले होते, आणि त्यांच्यापुढे तीच दृश्यं होती जी खामगावच्या चहाच्या टपरीवरच्या माणसापुढे होती. अनुभवी माणूस अशा वेळी ‘मला माहीत नाही’ म्हणू शकतो, पण वाहिनी त्यासाठी त्याला बोलवत नाही.

गंमत अशी, की जो फौजी खरोखर जागेवर होता त्याचं मात्र कटवाले ऐकत नाहीत. 18 ऑगस्ट 1945 च्या तैहोकूच्या विमान अपघातात नेताजींसोबत आझाद हिंद सेनेचे हबीबुर रहमान होते. ते वाचले, आणि नेताजींचा मृत्यू आपल्यासमोर झाला असं त्यांनी सांगितलं. 1956 च्या चौकशी समितीचे अध्यक्ष शाहनवाज खान, तेही आझाद हिंद सेनेचेच. समितीच्या बहुमतानं अपघात मान्य केला, नेताजींचे बंधू सुरेशचंद्र बोस यांनी नाही. साक्षीदार भाजलेल्या हातांनी परत आला, तरी नेताजी अमुक आश्रमात साधू होऊन राहिले ही गोष्टच आजही अधिक खपते.

गैरसमज: निवृत्त फौजी अशा गोष्टींना लवकर भुलतात

हा शहरी सुशिक्षितांचा आवडता गैरसमज. त्याला आधार म्हणून अमेरिकेचं उदाहरण देतात. 6 जानेवारी 2021 ला वॉशिंग्टनच्या संसद भवनावर जमाव चालून गेला. त्या प्रकरणात आरोपी झालेल्यांत लष्करी पार्श्वभूमीच्या लोकांचं प्रमाण त्यांच्या लोकसंख्येतल्या वाट्याच्या दुपटीहून अधिक होतं. ‘क्यूअनॉन’ नावाचा कटकथांचा पंथ तिथे 2017 पासून वाढला. त्याचा निनावी कर्ता आपल्याकडे सरकारी गुपितं पाहायची परवानगी असल्याचं भासवत होता. जर्मनीत डिसेंबर 2022 मध्ये सरकार उलथवण्याच्या कटात पकडलेल्यांतही माजी सैनिक निघाले.

पण 2023 मध्ये रँड या अमेरिकी संस्थेनं माजी सैनिकांचं सर्वेक्षण प्रसिद्ध केलं, तेव्हा उलटंच दिसलं. क्यूअनॉनला पाठिंबा सर्वसाधारण लोकांत सुमारे 17 टक्के, माजी सैनिकांत साडेतेरा. म्हणजे विश्वास ठेवणारे कमीच. मग अटकेत जास्त का? थोडकेच माजी सैनिक अशा गटांत जातात. पण गेले की कवायत, नेतृत्व आणि हत्यारांची माहिती घेऊन जातात, म्हणून गटांना तेच हवे असतात. भोळेपणाशी याचा संबंध नाही. कटवाल्यांना फौजीची गरज फौजीला कटाची असते त्याहून मोठी आहे.

आपल्याकडचं उदाहरण तर याच्याही पुढचं आहे. 1965 च्या युद्धात सैन्यातल्या ‘मुस्लिम रेजिमेंट’नं पाकिस्तानशी लढायला नकार दिला, अशी गोष्ट वर्षानुवर्षं फिरते. ती खोडून काढायला पुढे आले ते माजी सैनिकच. ऑक्टोबर 2020 मध्ये सुमारे 120 माजी सैनिकांनी राष्ट्रपतींना पत्र लिहून कारवाई मागितली. त्यांत अलिबागजवळ राहणारे माजी नौदलप्रमुख अॅडमिरल रामदास होते. स्वतंत्र भारताच्या सैन्यात मुस्लिम रेजिमेंट कधी नव्हतीच. आणि 1965 मध्ये खेमकरणच्या रणात रणगाडे फोडून मरणोत्तर परमवीर चक्र मिळवणारे अब्दुल हमीद ग्रेनेडियर्सचे होते. महार रेजिमेंट किंवा मराठा लाइट इन्फंट्रीत नोकरी केलेल्या कुणालाही विचारा, सैन्यात कोणत्या रेजिमेंट आहेत ते तो बोटांवर मोजून सांगेल. हा मेसेज तपासायला संगणक लागत नाही. शेजारचा मेजर पुरतो.

मात्र सह्यांच्या यादीवरही डोळे झाकून जाऊ नये. एप्रिल 2019 मध्ये सैन्याचा राजकीय वापर थांबवा, अशा पत्रावर 150 हून अधिक निवृत्तांची नावं होती. त्यांतल्या जनरल रॉड्रिग्ज आणि एअर चीफ मार्शल सुरी यांनी आपली संमती नव्हती असं सांगितलं. इतर अनेकांनी सही आपलीच असल्याचं ठासून सांगितलं. पत्र खोटं नव्हतं, यादी पूर्ण खरी नव्हती.

गैरसमज: सैन्याच्या मदतीचा मेसेज आहे, खोटा असला तरी बिघडलं काय

रोज एक रुपया द्या, शस्त्रं घ्यायला खातं उघडलंय, अक्षयकुमारच्या सूचनेवर मंत्रिमंडळानं निर्णय घेतलाय. हा मेसेज 2016 पासून जिवंत आहे. ज्या सिंडिकेट बँकेचं नाव त्यात असतं, ती एप्रिल 2020 मध्ये कॅनरा बँकेत विलीनही झाली. पहलगाम हल्ल्यानंतर एप्रिल 2025 मध्ये तो पुन्हा उठला, आणि संरक्षण मंत्रालयाला सांगावं लागलं की असा निर्णय झालेला नाही, युद्धातील हताहतांसाठीचा निधी शस्त्रखरेदीसाठी नसून त्यांच्या कुटुंबांसाठी आहे आणि मेसेजमधले खात्याचे तपशीलही चुकीचे आहेत. बिघडतं ते इथेच: देणाऱ्याचा रुपया भलत्या खात्याकडे निघतो आणि सैन्याला शस्त्रं घ्यायला पैसे नाहीत अशी समजूत फुकट पसरते.

गैरसमज: पुलवामाबद्दल प्रश्न विचारणं म्हणजे कटाची गोष्ट

14 फेब्रुवारी 2019 ला पुलवामातल्या लेथपोऱ्याला ताफ्यावर झालेल्या हल्ल्यात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे 40 जवान गेले. त्यातले दोघे बुलडाणा जिल्ह्यातले: मलकापूरचे संजय राजपूत आणि लोणार तालुक्यातल्या चोरपांग्र्याचे नितीन राठोड. त्यामुळे या जिल्ह्यात पुलवामा हा टीव्हीवरचा विषय नाही. हल्ल्यानंतर तीन दिवसांतच दलाला आवाहन करावं लागलं की जवानांच्या देहांची म्हणून फिरणारी बनावट छायाचित्रं पुढे पाठवू नका. दुसरीकडे, हल्लेखोरासोबत राहुल गांधींना जोडलेलं बनावट छायाचित्रही फिरलं, आणि ‘निवडणुकीसाठी सरकारनंच घडवलं’ ही गोष्टही. राष्ट्रीय तपास संस्थेनं ऑगस्ट 2020 मध्ये 19 जणांविरुद्ध दोषारोपपत्र दाखल केलं. त्यात हल्ला जैश-ए-मोहम्मदचा आहे. सरकारनं घडवल्याचा पुरावा कुणी पुढे केलेला नाही.

पण एप्रिल 2023 मध्ये जम्मू-काश्मीरचे माजी राज्यपाल सत्यपाल मलिक यांनी म्हटलं की जवानांसाठी विमानं मागितली होती, ती मिळाली नाहीत. त्याच सुमारास माजी लष्करप्रमुख शंकर रॉयचौधरी यांनी या प्राणहानीची प्राथमिक जबाबदारी सरकारवर ठेवली. असे प्रश्न आणि कटाची गोष्ट एकाच पोत्यात घालणं मला मान्य नाही. एवढा मोठा ताफा रस्त्यानं का नेला, हा प्रश्न विचारणारा आपलं नाव सांगतो आणि कोणती फाइल उघडली की उत्तर मिळेल तेही सांगतो. कटाच्या गोष्टीला कोणतंच उत्तर पुरत नाही. दोषारोपपत्र आलं की तेही कटाचाच भाग ठरतं. आपल्या जळगाव जामोद तालुक्यातली भेंडवळची घटमांडणीसुद्धा या बाबतीत सरळ म्हणायची. भाकितावर माझा विश्वास नाही, पण अक्षय्य तृतीयेला घट मांडतात, दुसऱ्या दिवशी सर्वांसमक्ष पाऊस-पिकापासून राजापर्यंत भाकीत सांगतात, सांगणारा कोण ते गावाला माहीत असतं आणि दिवाळीपर्यंत पाऊस मोजता येतो.

आणि एक दुरुस्ती, जी दोन्ही बाजूंचे मेसेज करत नाहीत. पुलवामात गेलेले जवान लष्कराचे नव्हते. राखीव पोलीस दल गृह मंत्रालयाकडे आहे. तिथून निवृत्त झालेल्यांना केंद्राच्या व्याख्येत ‘माजी सैनिक’ धरत नाहीत, समान पद समान पेन्शन त्यांना लागू नाही, आणि 1 जानेवारी 2004 पासून भरती झालेल्यांना नवी पेन्शन योजना लागू झाली. जानेवारी 2023 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं त्यांना जुनी पेन्शन द्यावी असा निकाल दिला. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली. हे सगळं उघड कागदांवर आहे, कुणी लपवलेलं नाही.