पादुआ : वैद्यकाच्या माहेरघरी चार निवांत दिवस

युरोपच्या सहलींची कार्यक्रमपत्रिका पाहिली, की ती सत्तरीतल्या माणसासाठी आखलेली नाही हे सहज ध्यानी येते. दहा दिवसांत आठ शहरे, रोज नवे हॉटेल आणि पहाटे सुटणारी बस! दुखरे गुडघे व सुजलेली पावले घेऊन परतलेल्या ज्येष्ठांना पाहिल्यावर मी एकच सुचवतो : एक शहर निवडा आणि तिथेच मुक्काम करा. इटलीतील पादुआ त्यासाठी उत्तम आहे. व्हेनिसपासून रेल्वेने सुमारे अर्ध्या तासावरचे हे शहर सपाट भूमीवर वसले आहे. रस्त्यांच्या कडेच्या कमानदार पडव्यांमुळे ऊन-पावसातही चालता येते. स्थानकावर मात्र ‘पादोव्हा’ ही पाटी शोधावी.

काय पाहावे?

१२२२ साली स्थापन झालेल्या येथील विद्यापीठात गॅलिलिओने अठरा वर्षे अध्यापन केले. १६७८ मध्ये एलेना कोर्नारो पिस्कोपिया या विदुषीला येथेच तत्त्वज्ञानाची डॉक्टरेट मिळाली. अशी पदवी मिळवणारी ती जगातील पहिली स्त्री मानली जाते. याच वास्तूत १५९५ च्या सुमारास उभारलेले लाकडी शवविच्छेदनगृह आहे. एकावर एक रचलेल्या सहा लंबवर्तुळाकार सज्जांत उभे राहून विद्यार्थी खालचे विच्छेदन पाहत.

१५४५ मध्ये औषधी वनस्पतींच्या अभ्यासासाठी निर्मिलेले वनस्पती उद्यान आजही मूळ जागी आहे. १५८५ मध्ये लावलेले ताडाच्या कुळातील एक झाड तेथे अद्याप जिवंत आहे.

स्क्रोव्हेन्यी चॅपेलमधील जॉत्तो याची भित्तिचित्रे १३०५ च्या सुमारास पूर्ण झाली. श्वासातील बाष्पाने ती बिघडू नयेत म्हणून पर्यटकांना आधी सुमारे पंधरा मिनिटे नियंत्रित हवेच्या दालनात बसवतात आणि मग थोड्या वेळासाठी आत सोडतात. आगाऊ आरक्षण आवश्यक असते. आत जाण्यापूर्वी प्रसाधनगृहास जाऊन यावे.

संत अँथनी यांची समाधी येथील बॅसिलिकेत आहे. गोव्यातील शिवोलीचे चर्च याच संतांच्या नावाचे. जवळच प्रातो देल्ला व्हाल्ले हा कालवा आणि ७८ पुतळ्यांनी वेढलेला विस्तीर्ण चौक आहे. संध्याकाळी तेथे निवांत बसावे.

परिसर

दहा-बारा किलोमीटरवरील आबानो तेर्मे उष्णोदकाच्या झऱ्यांसाठी आणि चिखललेपासाठी प्रसिद्ध आहे. सांधेदुखीत या उपचारांनी काही काळ आराम वाटतो. झिजलेला सांधा त्यामुळे पूर्ववत होत नाही. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, पायातील रक्तवाहिनीत गुठळी किंवा त्वचेवर जखम असल्यास आपल्या डॉक्टरांच्या संमतीविना ते घेऊ नयेत. उष्णतेने रक्तवाहिन्या प्रसरण पावतात, रक्तदाब उतरतो आणि उठताना भोवळ येऊ शकते.

पादुआचाच एक धडा

ते शवविच्छेदनगृह ज्यांच्या काळात उभे राहिले, त्या फाब्रिसियस यांनी शिरांमधील झडपांचे सविस्तर वर्णन केले. त्यांचा विद्यार्थी विल्यम हार्वे याने पुढे, १६२८ मध्ये, रक्ताभिसरणाचा सिद्धान्त मांडला. या झडपा रक्ताला खाली उतरू देत नाहीत. पण ते वर ढकलण्यासाठी पोटऱ्यांचे स्नायू हलावे लागतात. विमानात तासन्‌तास निश्चल बसल्यास रक्त पायांत साचते, सूज येते, क्वचित गुठळीही होते. म्हणून घोटे वारंवार हलवावेत, तासा-दोन तासांनी चार पावले चालावे व पाणी पीत राहावे. पूर्वी गुठळी झालेल्यांनी, नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी आणि कर्करोगाच्या रुग्णांनी आधी डॉक्टरांना भेटावे. मनाने ॲस्पिरिन सुरू करू नये.

सोबत्यांसाठी

• औषधे हातातील बॅगेत ठेवावीत. इन्सुलिन सामानात टाकू नये. मूळ औषधनामांची चिठ्ठी जवळ असावी.
• इटलीची वेळ आपल्या मागे आहे : उन्हाळ्यात साडेतीन, हिवाळ्यात साडेचार तास. इन्सुलिनच्या वेळा निघण्यापूर्वीच ठरवाव्यात.
• दगडी फरसबंदी उंचसखल आहे. पट्ट्याचे बूट आणि रबरी टोकाची काठी हवी.
• दिवसाला एकच मोठे स्थळ पाहावे. दुपारी विश्रांती घ्यावी.
• तातडीच्या मदतीसाठी ११२ हा क्रमांक लक्षात ठेवावा.

आई-वडिलांना किती स्थळे दाखवली, यापेक्षा त्यांनी किती स्थळे आनंदाने पाहिली, हे महत्त्वाचे. त्यांच्या चालीने चाललात, तर पादुआ तुम्हालाही अधिक दिसेल.