रॉक मशीनची गोष्ट, खाप्यातल्या पोरांसाठी

नागपूर जिल्ह्यातल्या खाप्यात माझं मंडप आणि साऊंडचं काम आहे. गणपती, दुर्गा, लग्नसराई, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीची भजनं, निवडणुकीच्या सभा, यात माझं वर्ष निघून जातं. पावसाळ्यात गोदाम बंदच असायचं. आता ते रोज संध्याकाळी उघडतं, कारण चार मुलं तिथे वाजवायला येतात. एक सावनेरच्या कॉलेजात आहे, एकाचे वडील गुमगावच्या मँगनीज खाणीत कामाला आहेत, एकाच्या घरी आजोबांपर्यंत हातमाग होता आणि चौथा मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसतो. दोन गिटार, एक बास आणि नागपूरच्या एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राकडून आणलेला ड्रमसेट एवढं त्यांचं सामान. "काकाजी, बँड मोठा कसा होते?" असं त्यातल्या ड्रमवाल्यानं एकदा विचारलं. त्याला मी जे सांगितलं ते इथे सविस्तर लिहितो, कारण गावोगावी अशी पोरं आहेत आणि त्यांच्या घरच्यांनाही हे समजलं पाहिजे.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात अॅम्प्लिफायर दुरुस्ती शिकत होतो. तिथे येणाऱ्या वाजवणाऱ्यांच्या तोंडी एक नाव सारखं असायचं, रॉक मशीन. १९८४ मध्ये मुंबईत सुरू झालेला हा बँड. माणसं येत-जात राहिली आणि मग जो संच जमला त्यात गायला उदय बेनेगल, गिटारवर महेश तिनईकर आणि जयेश गांधी, बासवर मार्क सेल्विन, ड्रमवर मार्क मेनेझिस, कीबोर्डवर झुबीन बालापोरिया. मुंबईची सगळी सरमिसळ त्या एका स्टेजवर होती.

तो काळ आजच्या मुलांना सांगावा लागतो. टीव्ही म्हणजे दूरदर्शन. खासगी एफएम नाही, इंटरनेट नाही. परदेशी गिटार किंवा अॅम्प आणायचा तर जकात एवढी की कुणी नातेवाईक बाहेरून येताना घेऊन आला तरच हाताला लागायचा. इंग्रजी गाणी वाजवणारे बँड कॉलेजांच्या फेस्टिव्हलमध्ये वाजवत आणि वाजवत काय, तर डीप पर्पल, लेड झेपेलिन अशा परदेशी बँडची गाणी. पब्लिकला जे कॅसेटवर ऐकलंय तेच स्टेजवर हवं असायचं. स्वतःचं गाणं सुरू केलं की मागून ओरडा सुरू. रॉक मशीननंही सुरुवात दुसऱ्यांच्याच गाण्यांनी केली. पण त्यांनी हळूहळू स्वतःची गाणी मध्ये पेरली, ओरडा सहन केला आणि १९८८ मध्ये स्वतःच्या गाण्यांचा 'रॉक अँड रोल रेनेगेड' हा अल्बम काढला. १९९० मध्ये 'द सेकंड कमिंग' आला. बँडच्या मोठं होण्यातला सगळ्यात अवघड टप्पा माझ्या मते हाच आहे. हुबेहूब वाजवणारे खूप असतात. ज्या गाण्याला अजून कुणी ओळखत नाही ते गाणं लोकांसमोर उभं राहून तितक्याच जोरात म्हणायला छाती लागते.

मी त्यांना धोबी तलावच्या रंगभवनात ऐकलं. रंगभवन म्हणजे सेंट झेवियर्स कॉलेजच्या शेजारचं उघडं नाट्यगृह. १९८६ मध्ये फरहाद वाडियांनी 'इंडिपेंडन्स रॉक' हा महोत्सव सुरू केला आणि रंगभवन हेच वर्षानुवर्षं त्याचं घर झालं. मी तिथे गेलो तो कानांपेक्षा डोळ्यांनी ऐकायला. कुठे माईक लावलाय, वायर कुठून फिरवलीय, मिक्सरवर कोण बसलाय. आणि त्या संध्याकाळी मला एक गोष्ट कळली, जी मी आज गोदामात या मुलांना रोज सांगतो.

ड्रमसेटमध्ये पायानं वाजवायचा मोठा ढोल असतो, त्याला किक म्हणतात. बास गिटार त्याच्या शेजारच्याच खोल सुरात बोलते. किकचा ठोका आणि बासचा सूर एका क्षणी पडले तर छातीत धक्का बसतो आणि वरची गिटार, गळा, सगळं मोकळं ऐकू येतं. ते जरासे मागेपुढे झाले की खालचा आवाज चिखल होतो. मग गिटारवाला आपला आवाज वाढवतो, गाणारा ओरडतो, माईक शिट्टी मारतो आणि लोक म्हणतात साऊंडवाला खराब आहे. जगातलं कुठलंही मिक्सर हा चिखल निस्तरू शकत नाही. तो फक्त सरावानं जातो. म्हणून आमच्या गोदामात पहिले काही आठवडे गिटार बाजूला ठेवून फक्त किक आणि बास वाजले. खाणीतल्या बाबांचा मुलगा बास वाजवतो, मोबाइलवाला ड्रमवर. दोघं समोरासमोर बसतात आणि बासवाला त्याच्या पायाकडे बघत वाजवतो. बोटं सोलली, भांडणं झाली, पण एके दिवशी गोदामाचं पत्र्याचं शटर ठोक्याबरोबर थरथरायला लागलं आणि दोघांनाही न सांगता समजलं की जमलं.

रॉक मशीनच्या वाट्याला पुढे जे आलं ते त्या काळात स्वप्नासारखं होतं. १९९१ मध्ये उपग्रह वाहिन्या आल्या, त्यांच्याबरोबर एमटीव्ही आला आणि गाण्याला चेहरा मिळायला लागला. १९९३ मध्ये बँडनं नाव बदलून 'इंडस क्रीड' केलं. सिंधूचं नाव घेतलं, आपण कुठले आहोत हे सांगायला. त्याच वर्षी 'प्रिटी चाइल्ड' या त्यांच्या गाण्याच्या व्हिडिओला एमटीव्हीच्या अमेरिकेतल्या पुरस्कारांत आशियातल्या प्रेक्षकांच्या पसंतीचा मान मिळाला. १९९५ मध्ये नव्या नावाचाच अल्बम आला. आणि १९९७ मध्ये बँड थांबला. बेनेगल आणि गांधी न्यूयॉर्कला गेले, तिथे 'आल्म्स फॉर शांती' नावानं त्यांनी वेगळं काम केलं. २०१० मध्ये इंडस क्रीड पुन्हा उभा राहिला, बासवर रुशाद मिस्त्री आणि ड्रमवर जय रो कवी हे नवे गडी घेऊन, आणि २०१२ मध्ये 'इव्हॉल्व्ह' हा अल्बम आला.

पुरस्कार मिळाल्यानंतर चारच वर्षांत बँड का थांबावा? आपल्या देशात गाण्याचा बाजार सिनेमाच्या हातात राहिला आहे. सिनेमाच्या बाहेरचं, तेही इंग्रजी गाणं ऐकणारा वर्ग चार-पाच शहरांपुरता होता. नाव देशभर आणि कमाई मोजक्या कार्यक्रमांवर, अशा स्थितीत सहा जणांचे संसार चालत नाहीत. हे मुलांना आधीच सांगायला हवं. गाजणं आणि पोट भरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

रॉक मशीन सुरू झाला त्याच १९८४ साली गोव्यात दुसरा रस्ता तयार होत होता. रेमो फर्नांडिस, मुंबईच्या जे.जे.मधून वास्तुकला शिकलेला पणजीचा माणूस, बार्देशातल्या शिवोली गावी घरात बसून 'गोवन क्रेझी' रेकॉर्ड करत होता. त्याच्याकडे चार ट्रॅकचं कॅसेट रेकॉर्डर होतं. साध्या टेपरेकॉर्डरवर जे एकदम वाजेल तेच भरलं जातं. चार ट्रॅकच्या यंत्रात तीच फीत चार पट्ट्यांत वाटलेली असते. पहिल्या पट्टीवर ताल भरायचा, तो कानात ऐकत दुसरीवर गिटार, मग तिसरीवर दुसरं वाद्य, चौथीवर गळा. एकटा माणूस आपल्याच साथीला बसतो. रेमोनं वाद्यं स्वतः वाजवली, कॅसेटी स्वतः तयार केल्या आणि स्कूटरवर घालून दुकानादुकानांत स्वतः पोहोचवल्या. कंपन्या नंतर आल्या, सिनेमाही नंतर आला आणि २००७ मध्ये पद्मश्रीसुद्धा. इंडी म्हणतात ते यालाच. कंपनीच्या परवानगीची वाट न बघता आपलं गाणं आपण भरायचं आणि आपण विकायचं.

जगात ही रीत आधी रुळली होती. इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या बझकॉक्स या बँडनं पाचशे पौंड उसने घेऊन स्वतःची रेकॉर्ड काढली, जानेवारी १९७७ मध्ये, हजार प्रती. ती बघून कितीतरी पोरांना कळलं की हे आपल्यालाही जमण्यासारखं आहे. मला मात्र अमेरिकेतल्या आर.ई.एम.ची गोष्ट जास्त जवळची वाटते, कारण तो बँड महानगरातला नव्हता. जॉर्जिया राज्यातलं अथेन्स हे कॉलेजचं गाव. ५ एप्रिल १९८० ला एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला, जुन्या चर्चच्या इमारतीत त्यांनी पहिल्यांदा वाजवलं. पुढच्या वर्षी एका छोट्या कंपनीनं त्यांचं पहिलं गाणं काढलं. मग वर्षानुवर्षं गाडीत सामान भरून गावोगाव फिरणं. 'लूझिंग माय रिलिजन' जगभर वाजलं ते १९९१ मध्ये, म्हणजे अकरा वर्षांनी. २०११ मध्ये त्यांनी सन्मानानं बँड संपवला.

त्या चौघांनी एक फार शहाणपणाची गोष्ट केली. शब्द कुणीही लिहो, चाल कुणालाही सुचो, गाण्यावर चौघांचं नाव आणि पैशात चौघांचा सारखा वाटा. बँड सुरांवरून कमी आणि हिशेबावरून जास्त फुटतात, हे मी ऑर्केस्ट्रावाल्यांचं सामान वाहताना बघितलंय. म्हणून आमच्या पोरांना पहिल्या कार्यक्रमाआधीच एक वही करायला लावली. त्यात कुठल्या गाण्यात कुणाचा किती वाटा ते लिहून चौघांच्या सह्या.

कायद्याचंही थोडं सांगतो, कारण घरच्यांना हे कुणी सांगत नाही. एका गाण्यात दोन मालमत्ता असतात. शब्द-चाल ही एक आणि तिचं रेकॉर्डिंग ही दुसरी. रेकॉर्डिंग ज्याच्या पैशानं झालं त्याचं, पण शब्द आणि चाल रचणाऱ्याची. २०१२ मध्ये कॉपीराइट कायदा बदलला, त्यानंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा कंपनीला लिहून घेता येत नाही. १९६९ पासूनची आय.पी.आर.एस. ही संस्था तो गोळा करून वाटते. मुलानं गाणं केलं तर तिथे सभासद होऊन नोंद करावी. आज रेमोचं चार ट्रॅकचं यंत्र प्रत्येकाच्या खिशातल्या फोनमध्ये आहे, त्याहून कितीतरी पट चांगलं. अडचण रेकॉर्डिंगची उरलेलीच नाही.

अडचण जागेची आहे. रंगभवन शांत झालं. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी दवाखाना, शाळा-कॉलेज आणि कोर्टाभोवती शंभर मीटरचं शांतता क्षेत्र आखलं आणि रंगभवन नेमकं अशाच जागी आहे. नियम मला मान्य आहे. दवाखान्यातल्या माणसाला झोप लागली पाहिजे आणि रात्री दहाला माझं मिक्सर बंद होतं. पण एक स्टेज गेलं तर त्याच्या बदल्यात दुसरं द्यावं लागतं. मुंबईतल्या कितीतरी बँडना त्या उघड्या रंगमंचानं आपल्या गाण्यासाठी उभं राहायला शिकवलं. छोट्या गावात तर असं स्टेज कधी नव्हतंच.

नव्हतं म्हणजे रॉकसाठी नव्हतं. सामूहिक गाण्याची परंपरा इथे घट्ट आहे. तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनं विदर्भाच्या गावागावांत आजही होतात. चार बोटांत धरलेली ती लहानशी खंजिरी काय वेगानं आणि ताकदीनं बोलते हे ज्यानं जवळून ऐकलंय त्याला ड्रमची भीती वाटत नाही. दंडार, खडी गंमत ही लोकनाट्यं आहेत, वामनदादा कर्डकांच्या वाटेनं जाणारी भीमगीतं आहेत. चेन्नईत २०१८ मध्ये 'कास्टलेस कलेक्टिव्ह' पहिल्यांदा स्टेजवर आला, वस्तीतलं गाना संगीत, रॉक आणि रॅप घेऊन, जातीबद्दल स्पष्ट बोलत. मुंबईत 'अभंग रिपोस्ट'नं संतांचे अभंग गिटार-ड्रमवर आणले आणि कॉलेजची मुलं ते तोंडपाठ म्हणतात. रॉक मशीनला जो श्रोता कमी पडला तो मराठीत गाणाऱ्याला कमी पडणार नाही, असं माझं ठाम मत आहे. आमच्या पोरांनी सुरुवात इंग्रजी गाण्यांनी केली होती. आता त्यांचं एक स्वतःचं गाणं झालंय, कन्हान नदीच्या रेतीवर, आपल्या बोलीत. मधल्या जागेत ड्रम थांबतात आणि फक्त खंजिरी वाजते. ती विणकराच्या घरातला पोरगा वाजवतो, आजोबांच्या भजनी मंडळातली.

ते गाणं अजून गोदामाबाहेर कुणी ऐकलेलं नाही. म्हणून खाप्यातल्या, सावनेरातल्या आणि आसपासच्या गणेशोत्सव मंडळांना माझी विनंती आहे. यंदा दहा दिवसांतला एक संध्याकाळचा अर्धा तास तुमच्या गावातल्या मुलांना द्या, त्यांच्या स्वतःच्या गाण्यांसाठी. पहिल्या गाण्याला टाळ्या कमी पडल्या तरी दुसरं गाणं होऊ द्या. त्या अर्ध्या तासाच्या साऊंडचे पैसे मी घेणार नाही.