सुई रिकामी आली, तरी कॅन्सर सापडला! हेअरी सेल ल्युकेमियाचं निदान कसं होतं?

रक्ताचा कॅन्सर म्हटलं की पांढऱ्या पेशी भरमसाट वाढलेल्या असणार, असाच आपला समज असतो. पण हेअरी सेल ल्युकेमिया या दुर्मीळ कॅन्सरमध्ये बहुतेकदा उलटंच दिसतं. हिमोग्लोबिन कमी, पांढऱ्या पेशी कमी आणि प्लेटलेट्सही कमी!

आता असा रिपोर्ट बी-१२ ची कमतरता, काही संसर्ग किंवा अप्लास्टिक अ‍ॅनिमियातही येऊ शकतो. मग डॉक्टरांना संशय येतो कशावरून?

पहिले धागेदोरे

हा आजार साधारण पन्नाशीच्या आसपास आणि बायकांपेक्षा पुरुषांमध्ये जास्त आढळतो. थकवा, वारंवार संसर्ग आणि प्लीहा म्हणजेच पाणथरी वाढल्यामुळे डाव्या बरगड्यांखाली जडपणा, ही त्याची लक्षणं.

रक्तात मोनोसाइट नावाच्या पेशी जवळपास नाहीशा होतात. गंमत म्हणजे, सीबीसीचं मशीन कधीकधी कॅन्सरच्या पेशींनाच मोनोसाइट समजून मोजतं. म्हणून काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरून पॅथॉलॉजिस्टने तो स्वतः बघणं महत्त्वाचं. या पेशींच्या कडेला केसांसारखे बारीक तंतू दिसतात. आजाराचं नाव त्यावरूनच पडलं.

सुईत काहीच का येत नाही?

पुढची पायरी बोन मॅरो, म्हणजे अस्थिमज्जेची तपासणी. कमरेच्या मागच्या हाडाजवळची जागा बधिर करून सुईने मज्जेचा द्रव ओढला जातो. या आजारात मात्र अनेकदा सुईत काहीच येत नाही. याला 'ड्राय टॅप' म्हणतात.

यात डॉक्टरांची चूक नसते. या पेशींमुळे मज्जेत रेटिक्युलिन नावाच्या बारीक धाग्यांचं जाळं तयार होतं आणि पेशी त्यात अडकून बसतात. म्हणजे रिकामी सुईसुद्धा एक पुरावाच! अर्थात, मायलोफायब्रोसिससारख्या इतर आजारांतही असं होतं, त्यामुळे तेवढ्यावर निदान होत नाही.

मग हाडाचा तुकडाच बोलतो

अशा वेळी जाड सुईने हाडाचा छोटासा तुकडा काढतात. ही ट्रेफाइन बायोप्सी. हाड कडक असल्यामुळे ते आधी रसायनात मऊ करावं लागतं, म्हणून रिपोर्टला काही दिवस लागतात.

मायक्रोस्कोपखाली पेशी एकमेकींपासून सुट्या दिसतात. मध्ये गोल केंद्रक आणि भोवती मोकळी जागा, जणू तव्यावर शेजारी शेजारी हाफ फ्राय मांडलेत. पॅथॉलॉजीच्या पुस्तकांतही 'फ्राइड एग' हाच शब्द आहे.

काही रुग्णांत मज्जा इतकी रिकामी दिसते, की अप्लास्टिक अ‍ॅनिमियाच वाटावा. तेव्हा सीडी२० सारखे खास रंग वापरून लपलेल्या पेशी शोधतात. फ्लो सायटोमेट्रीत सीडी११सी, सीडी२५, सीडी१०३ आणि सीडी१२३ ही चारही चिन्हं एकत्र सापडली, तर निदान भक्कम होतं. २०११ मध्ये इटलीतील संशोधकांना या आजारात बीआरएएफ व्ही६००ई हा जनुकीय बदल सापडला. आता तीही तपासणी केली जाते.

एवढी खातरजमा कशासाठी?

कारण उपचार पूर्णपणे वेगळे आहेत. १९५८ मध्ये अमेरिकेत डॉ. बर्था बूरोंकल आणि सहकाऱ्यांनी या आजाराचं वर्णन केलं, तेव्हा प्रभावी औषध नव्हतं. १९९० च्या सुमारास क्लॅड्रिबिन आलं आणि चित्र बदललं. साधारण ५ ते ७ दिवसांच्या एकाच कोर्सनंतर बहुतेक रुग्णांचा आजार अनेक वर्षं शांत राहतो. तो परत आला, तरी पुन्हा उपचार करता येतात.

पण याच आजाराचा 'व्हेरिएंट' नावाचा जवळचा भाऊ एकट्या क्लॅड्रिबिनला नीट दाद देत नाही. त्याच्या पेशींवर सहसा सीडी२५ नसतं आणि तो जनुकीय बदलही नसतो. अप्लास्टिक अ‍ॅनिमियाचे उपचार तर आणखी वेगळे. नाव चुकलं, तर औषध चुकलं.

म्हणून घरात कुणाच्या रिपोर्टवर 'ड्राय टॅप' लिहून आलं, तर घाबरू नका, पण तिथेच थांबूही नका. "हाडाची बायोप्सी झाली आहे का?" हे डॉक्टरांना नक्की विचारा. आणि स्लाइड्स व मेणाचा ब्लॉक जपून ठेवा. दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टचं मत घ्यायचं झालं, तर पुन्हा सुई टोचायची गरज बहुतेकदा पडत नाही.