लेपर्ड गेको पाळायचाय? आधी तापमान, कायदा आणि पिल्लांचा हिशेब समजून घ्या

भिंतीवर पाल दिसली की आपल्याकडे आधी झाडू शोधला जातो. तिच्याच भाऊबंदांपैकी लेपर्ड गेको मात्र लोक पैसे मोजून घरी आणतात. एकदा जोडी आणली की पुढचा विचार येतो तो पिल्लं विकण्याचा. तो करण्याआधी या गोष्टी माहीत हव्यात.

लेपर्ड गेको म्हणजे नेमकं काय?

बिबट्यासारखे ठिपके असलेली, जमिनीवर राहणारी ही पाल. शास्त्रीय नाव युब्लेफॅरिस मॅक्युलेरियस. अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातला कोरडा, खडकाळ भाग हे तिचं घर. तिला पापण्या असतात. बोटांना चिकटपणा नसल्याने ती काचेवर चढू शकत नाही. ती विषारी नाही. जाड शेपटीत चरबी साठवते आणि नीट सांभाळली तर 15 ते 20 वर्षं जगते.

तिचे नातलग महाराष्ट्रातही आहेत. युब्लेफॅरिस फस्कस ही जात आपल्याकडे आढळते, तर सातपुड्यातल्या जातीला 2014 मध्ये ‘सातपुराएन्सिस’ हे नाव मिळालं.

वाळवंटातला प्राणी, मग शेंद्र्याच्या उन्हाची काय भीती?

इथेच अनेकांची गल्लत होते. हा प्राणी दिवसा दगडाखाली, बिळात थंडाव्याला लपतो आणि रात्री बाहेर पडतो. पेटीत एक बाजू साधारण 32 अंश आणि दुसरी 25 अंशांच्या आसपास हवी, म्हणजे तो गरजेप्रमाणे जागा बदलतो.

मे महिन्यात छत्रपती संभाजीनगर परिसरात पारा चाळिशी ओलांडतो. शेंद्रा एमआयडीसीच्या आसपास पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्यासाठी प्रश्न गरम बाजूचा नसून थंड बाजूचा आहे. दुपारी वीज गेली तर काचेच्या पेटीतून पळायला जागा नाही. म्हणून दोन्ही बाजूंना थर्मामीटर, हीट मॅटला थर्मोस्टॅट आणि वीज गेल्यावर पेटी कुठे हलवायची, याची तयारी आधी हवी.

खायला जिवंत किडे लागतात आणि त्यावर कॅल्शियम व डी-3 जीवनसत्त्वाची पूड. घरात पकडलेलं झुरळ देऊ नका, त्याच्या अंगावर कीटकनाशक असू शकतं.

पिल्लं नर की मादी, हे कशावर ठरतं?

अंडी उबवतानाच्या तापमानावर. 26 ते 30 अंशांत बहुतेक माद्या, 32-33 अंशांत बहुतेक नर आणि 34-35 अंशांत पुन्हा बहुतेक माद्या निघतात. दोन-तीन अंशांचा फरक अख्ख्या घाण्याचं गणित बदलतो.

मादी एका वेळी साधारण दोन अंडी घालते, पण एका हंगामात अनेकदा. समजा पाच वेळा घातली आणि आठ पिल्लं जगली, तर त्यांना ठेवायचं कुठे? मोठे नर एकत्र ठेवले की भांडतात.

वेगळ्या रंगांचं काय?

‘लेमन फ्रॉस्ट’ या पिवळ्याधमक रंगाला मोठी मागणी होती. पण अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी 2021 मध्ये दाखवलं की या रंगाचा संबंध ज्या जनुकाशी आहे, त्याच्याशीच त्वचेतल्या गाठींचाही आहे. ‘एनिग्मा’ प्रकारच्या गेकोंमध्ये तोल जाण्याचा त्रास दिसतो. अशी जोडी लावणं म्हणजे आजारी पिल्लं जाणूनबुजून जन्माला घालणं.

कायदा काय सांगतो?

वन्यजीव संरक्षण कायद्यात 2022 मध्ये दुरुस्ती झाली, ती 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे. ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराखालचे प्राणी आता अनुसूची चारमध्ये आहेत. असा परदेशी प्राणी जवळ असेल तर ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी लागते. त्यासाठीचे नियम फेब्रुवारी 2024 मध्ये आले. टोके गेको 2019 पासून साइट्सच्या यादीत आहे. मादागास्करचे फेल्सुमा गेकोही त्यात आहेत.

भारतीय संरक्षित प्राण्यांना वेगळ्या अनुसूची लागू होतात. त्यांना रानातून पकडणं हीसुद्धा कायद्याने ‘शिकार’ ठरते. लेपर्ड गेकोचा नैसर्गिक प्रदेश भारताला स्पर्श करतो, त्यामुळे ‘परदेशी आहे, चालतं’ हा दुकानदाराचा शब्द पुरेसा नाही. शास्त्रीय नाव लिहून घ्या, वन विभागाकडे विचारा आणि पक्कं बिल मागा.

कागदपत्रं का पाहायची? ऑक्टोबर 2022 मध्ये मुंबईत महसूल गुप्तचर संचालनालयाने (डीआरआय) शोभेचे मासे म्हणून आणलेल्या मालातून 665 विदेशी प्राणी पकडले. त्यातले 117 मेलेले होते. पाळीव प्राण्यांच्या बाजाराची ही दुसरी बाजू.

नको झाला तर सोडून द्यायचा का?

अजिबात नाही. पेटीत वाढलेला गेको बाहेर बहुधा मरेल. जगलाच तर त्याचे आजार इथल्या पालींना लागू शकतात. म्हणून अंडी उबवायला ठेवण्याआधी प्रत्येक पिल्लाला पुढची 15 वर्षं कोण सांभाळणार, हे नावानिशी लिहून काढा. यादी पूर्ण होत नसेल तर जोडी लावू नका, एकटा गेको मजेत राहतो.